बोटभर ग्रीस

देवराव, तुझी तेरवी अजून व्हायची आहे आणि मी दुकान उघडून बसलो आहे. लोकांचं काय म्हणायचं ते म्हणून झालं. "साडभाऊ गेला आन् ह्यानं शटर वर केलं," हे समोरच्या पानठेल्यावाल्याने मला ऐकू जाईल अशाच बेताने म्हटलं. एरवी मी रस्ता ओलांडून गेलो असतो, त्याची गचांडी धरली असती, आणि तू गालात खर्रा दाबून मागून आला असतास, "जाऊ द्या न भाऊ, जाऊ द्या" करत. आता मागून कोणी येणार नाही म्हटल्यावर भांडायलाही हुरूप राहिला नाही.

घरात बसवत नाही. तुझ्या घरी शांता रडते, माझ्या घरी तिची बहीण रडते, आणि दोन्हीकडे मला चहा देऊन गप्प बसवतात. गप्प बसणं मला कधी जमलं? इथे निदान पाना उचलता येतो, ठेवता येतो. तुझं लाकडी खोकं ओढून त्यावर बसतो आणि लगेच उठतो. मेलास ते मेलास, निदान चाहूल तरी द्यायची. सकाळी दाढीला गरम पाणी मागितलंस आणि शांता ते घेऊन येईपर्यंत भिंतीला टेकून संपलास. डॉक्टर म्हणाला, हृदय. त्या हृदयाची तक्रार तू कधी कुणाकडे केली नाहीस. माझ्या तोंडाची तक्रार मात्र सगळ्या आर्वीत करून ठेवलीस.

आणि जाण्याच्या आदल्या दिवशी दुकानातून एक आरी बाहेर गेली. तू जोडलेली, मी न पाहिलेली. माझा सगळा जीव त्या आरीने खाल्ला, आणि आज मला तेवढंच बोलायचं आहे. तू किती चांगला होतास वगैरे इतरांनी बोलावं. परवा शोकसभेसारखे चार जण जमले होते तर एक जण म्हणाला, देवराव फार मनमिळाऊ. मनमिळाऊ! तुझ्यासारखा हेकट माणूस पुलगावपासून कारंज्यापर्यंत सापडला नसता, हे मी साक्षीला उभा राहून सांगीन.

दोन बहिणींनी आपली गाठ घातली, एक तुझी बायको, एक माझी. माझं दुकान आधीपासून होतं, विहिरीवरच्या इंजिनांचं आणि फवारणीच्या पंपांचं. तू जिनिंगमध्ये फिटर होतास. तिथे तुझं कुणाशी तरी वाजलं आणि तू पेटी उचलून सरळ माझ्याकडे आलास. "भाऊ, मी आजपासून इथीच," म्हणालास. मी हो म्हटलंच नव्हतं. मग विहिरींवर विजेच्या मोटारी बसायला लागल्या, इंजिनं भंगारात जाऊ लागली, आणि आपण दोघं दिवसभर रेडिओ ऐकत बसलो. त्या रिकामपणात एक ठेकेदार जीपमधून दोन पेट्रोलच्या आऱ्या घेऊन आला. जंगलातल्या सागवानाच्या कूपात, तोडीला लावलेल्या. आपण तोवर अशी वस्तू चित्रातही पाहिली नव्हती. तू त्याला म्हणालास, "हो हो, नेहमीचंच काम हाय."

नेहमीचंच! क्लच उघडायला आपण दोघं पान्याला पाइप लावून लोंबकळलो, आठवतं? तू एका बाजूने, मी दुसऱ्या. नट हलेना. मी म्हटलं गंजलाय, तू म्हणालास तापव. रॉकेलचा स्टो पेटवला, तापवला, पुन्हा लोंबकळलो, आणि पाना निसटून माझ्या ढोपरावर बसला. मी चिडून पाना उलट्या बाजूने हाणला तर नट अलगद सुटला. आटेच उलटे होते. मी ढोपर धरून बसलो होतो आणि तू हसत हसत उलथा झाला होतास. "तुमच्यासारखाच हाय भाऊ. सरळ वागलं त फिरत नाई."

तुला सांगायला नको, पण भांडताना मी हे कधी धड बोललो नाही, म्हणून आता शांतपणे सांगतो. आरी स्लोवर असते तेव्हा क्लचचे तुकडे स्प्रिंगांनी आत ओढलेले असतात. इंजिन फिरतं, साखळी उभी राहते. रेस दिली की तेच तुकडे बाहेर फेकले जातात, ड्रमला आतून घट्ट धरतात, आणि ड्रमाबरोबर साखळी पळते. धरायचं म्हणजे कोरडं पाहिजे. तेलकट हाताने बैलाचा कासरा धरून पाहावा. पण त्याच ड्रमाच्या पोटात बारीक सुयांचं बेअरिंग आहे, आणि त्याला ग्रीस पाहिजेच. ते कोरडं पडलं की तापतं, अडकतं, ड्रमाला सोबत ओढतं, आणि रेस सोडली तरी साखळी चालत राहते. वाटीएवढी जागा. तिच्यात एक वस्तू कोरडी ठेवायची आणि तिला चिकटून बसलेली दुसरी ओली. एवढ्याशा जागेत आपण दोघं इतकी वर्षं भांडलो.

सुरुवात तर तू लोण्याने केलीस. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळं गाव बैलांच्या खांदी शेकत होतं, हळद-लोणी चोळत होतं. तुझ्याकडे बैल कुठले? मी दुकानात आलो तर तू दुरुस्तीला आलेल्या आऱ्या ओळीने मांडल्या होत्यास, झाकणं काढून, आणि पळसाच्या पानाने एकेकीच्या क्लचला हळद-लोणी लावत होतास. वर तोंडाने "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" चालूच.

"काऊन बे, बह्याड झाला काय?" मी ओरडलो.

"वर्षभर वझं कोन वाह्यते भाऊ? हाच न?" तू क्लचवर बोट ठेवलंस. "मंग खांद कोनाची शेकाची?"

पोळा झाल्यावर ठेकेदाराचा माणूस आऱ्या परत घेऊन आला. एकही लाकूड धरत नव्हती. साखळी जागची हलेना आणि ड्रम तापून निळे पडलेले. "काम होत नाई ते नाई," तो म्हणाला, "पन कूपात असा तुपाचा वास सुटते, मजूर दहा वाजताच शिदोरी सोडून राह्यले." मी पेट्रोलने धुऊन धुऊन ते लोणी काढलं आणि दिवसभर तुझा उद्धार केला. तू मात्र मान खाली घालून, "बैल असते त खुश झाले असते," एवढंच पुटपुटत होतास. आता कबूल करतो, मला तेव्हाही हसू येत होतं. पण हसलो असतो तर तू दसऱ्याला पुन्हा लावलं असतंस.

मग ते कारंज्याच्या वरच्या कूपाचं झालं. तिथे तू एकटाच गेलतास, एका बंद पडलेल्या आरीसाठी. संध्याकाळी परत आलास तेव्हा खांद्यावर दुपट्टा नव्हता. मी विचारलं तर तू आधी पाणी प्यालास. शेजारच्या मजुराची आरी होती, आपल्या दुकानातली नव्हे. त्याने रेस सोडली, आरी पायाशी टेकवली, आणि साखळी थांबलीच नाही. नडगीला लागली. दुपट्टा तू त्याला बांधला होतास. "भाऊ, मी नंतर ते क्लच खोलून पाह्यलं," तू म्हणालास. "बेअरिंग कोरडं ठन. ग्रीसचा थेंब नाई." तो माणूस वाचला, पण लंगडत राहिला. तू त्याच्याबद्दल पुढे फारसं बोलला नाहीस. फक्त त्या दिवसापासून तुझं बोट ग्रीसच्या डब्यात मुळापर्यंत जायला लागलं.

आणि माझं डोकं फिरायला लागलं. बेअरिंगला हरभऱ्याच्या डाळीएवढं ग्रीस पुरतं. तू बोटभर भरायचास. क्लच फिरला की जास्तीचं ग्रीस उडून ड्रमवर बसायचं, आणि पुन्हा तेच, आरी लाकूड धरेना. मी म्हणायचो, "देवराव, अति तिथे माती." तू म्हणायचास, "माती त सगळ्यायचीच होनार हाय भाऊ. टांग त राहू द्या लोकायची." मी शिव्या द्यायचो. मग तू जोडलेली प्रत्येक आरी गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मी पुन्हा उघडायचो, चिंधीने जास्तीचं पुसायचो, मनासारखं ठेवून झाकण लावायचो. तू बाजूला उभा राहून खर्रा चोळत बघायचास. लोक त्या वेळेला मुद्दाम येऊन बसायचे, तमाशा पाहिल्यासारखे. पण मी पुसल्यावर तू कधी एकदाही माझ्या पाठीमागे पुन्हा ग्रीस भरलं नाहीस. तुझ्यासारख्या हेकटाने का नाही भरलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

वडनेरला माझ्या भाचीचं लग्न निघालं. तू म्हणालास, तुम्ही जा, सुखदेवची आरी द्यायची आहे. सुखदेव रोहण्याचा, शेतकऱ्यांच्या धुऱ्या-बांधांवरच्या बाभळी कापून देतो. स्वतःची आरी घेतलेलं आपलं ते पहिलंच गिऱ्हाईक, म्हणून तुझा लाडका. बसस्टँडवर मला सोडायला आलास आणि तिथेही आपलं जुंपलं. मी खिडकीतून ओरडलो, "क्लच मी आल्यावर बंद करजो! आन् ग्रीस लावशीन त याद राख, एक थेंब लावू नको!" तू म्हणालास, "बरं." बस हलली. तुझ्याशी शेवटचं बोलणं ते. माणसं मरताना एकमेकांना काय काय सांगून जातात म्हणे, आणि आपलं हे.

लग्नाच्या मांडवातच निरोप आला. मी आलो तेव्हा तुला आंघोळ घालून झाली होती. पुढचं सगळं मी केलं. लाकडं मोजून घेतली, मडकं धरलं, पाव्हण्यांना गाडीवर बसवलं. डोळ्यातून टिपूस नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, ओसरीत हातपाय धुतले, आणि शांता रडता रडता सहज बोलली, "भाऊजी, ते आरी तुमाले दाखवाची राह्यली म्हनत होते. निजेपर्यंत तेच. भाऊले दाखवली नाई, भाऊले दाखवली नाई."

"कोनती आरी?"

"सुखदेवची. तो लयच घाईत होता म्हने, घेऊन गेला."

तिने दिलेली चहाची कपबशी मी तशीच परत केली. तू नेहमीसारखं बोटभर भरलं असशील तर काही बिघडत नव्हतं. आरी कापणार नाही, सुखदेव वैतागेल, एवढंच. पण मी खिडकीतून काय ओरडलो होतो? एक थेंब लावू नको. रागात माणूस म्हणतो तसं. आणि तू म्हणाला होतास, बरं. आयुष्यात कधी माझं ऐकलं नाहीस, आणि नेमकं या एका वेळी ऐकलं असशील तर? तर रोहण्याच्या कुठल्याशा धुऱ्यावर सुखदेव एक कोरडी आरी उघड्या पायाशी टेकवत असणार. मी टोपी घेतली आणि निघालो. मागून कोणीतरी म्हणालं, राख निवली नाही आणि हा चालला. खरंच चाललो होतो. धावतच.

बस नुकतीच सुटली होती, म्हणून पुलगावची छोटी आगगाडी धरली. त्या गाडीचा वेग तुला ठाऊक आहे. माणूस उतरून, धुऱ्यावरची चार बोरं खाऊन, पुन्हा चढेल. वैशाखाचं ऊन, डब्याचा पत्रा तापलेला, आणि मी दारात उभा. एकदा बसलो की उठायचो, उठलो की बाकीचे म्हणायचे, काका बसा. मनात एकच चाललं होतं. तुला विचारत होतो, देवराव, लावलंस ना? माझं ऐकलं नाहीस ना? देवाजवळ माणसं काय मागतात आणि मी मागत होतो की माझ्या साडभावाने माझं ऐकलेलं नसू दे.

रोहण्याला उतरून विचारत विचारत गेलो. शेताच्या बाजूने आरीचा आवाज येत होता, म्हणून पळालो. या वयात, त्या उन्हात, ढेकळांतून. सुखदेव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाभळीच्या खोडाशी उभा होता. मी लांबूनच ओरडलो, "बंद कर! बंद कर पहिले!" त्याने घाबरून बटण दाबलं. सगळं शांत झालं.

"काय झालं मिस्त्री? कायले धावून राह्यले?"

आरी हिसकून घेतली, तिथेच ढेकळात बसलो, सुखदेवच्या पिशवीतला पाना काढला. उलटा फिरवला. झाकण काढलं, ड्रम ओढला.

भरलं होतंस. बोटभर नाही, दोन बोटं भरलं होतंस. ग्रीस आणि बाभळीचा भुसा मिळून भाकरीच्या पिठासारखा गोळा झाला होता, ड्रमला थापलेला. ते पाहून मी मोठ्याने हसलो. सुखदेव माझ्याकडे बघतच राहिला. लाज वाटली नाही. हेकट माणसा, शेवटच्या दिवशीसुद्धा तू माझं ऐकलं नाहीस. त्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली.

"हसून काय राह्यले," सुखदेव म्हणाला. "कालपासून काम बसलं माझं. जोरच धरत नाई. पन देवराव मले आधीच बोलला होता."

"काय बोलला?"

"म्हने, घाई हाय त ने, पन ग्रीस जास्त हाय. भाऊ लग्नाहून आले की तुझ्याकडे येतीन, शिव्या देत देत येतीन, आन् पुसून देतीन. मी भरतो, भाऊ पुसते, दोघायच्या मधात मशीन बरोबर होते. तोवर हळू चालवजो म्हने." त्याने घाम पुसला. "म्या त तुमच्या शिव्याचीच वाट पाहून राह्यलतो."

देवराव, इतकी वर्षं मला वाटत होतं की तू चुकतोस आणि मी सुधारतो. तू माझं पुसणं धरूनच भरत होतास. हे मला एकदा तरी सांगायचं होतंस. निदान चहा पिताना. मी तुला एवढ्या शिव्या दिल्या नसत्या. दिल्या असत्या, पण वेगळ्या दिल्या असत्या.

सुखदेवजवळच्या बाटलीतलं पेट्रोल घेऊन ड्रम धुतला, तुकडे धुतले, स्प्रिंगा पाहिल्या, शर्टाच्या टोकाने सगळं कोरडं केलं. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं. सुया चांगल्या होत्या, एकही निळी पडलेली नव्हती. मग नवं ग्रीस घालायची वेळ आली आणि माझा हात थांबला. किती घालायचं? सुखदेवची ग्रीसची डबी उघडी समोर, बोट वर धरलेलं, आणि मला किती ते सुचेना. हरभऱ्याच्या डाळीएवढं हे सगळं बोलायला. माझं खरं माप एकच होतं, तू घातलेलं पाहायचं आणि त्यातून काढायचं. नुसतं घालायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

"घाला न," सुखदेव म्हणाला.

शेवटी तुझ्यासारखं केलं. बोट डबीत मुळापर्यंत घातलं, बोटभर काढलं, बेअरिंगला थापलं. मग मनातल्या मनात तुला दोन शिव्या हासडल्या आणि चिंधी घेऊन पुसायला लागलो. पुसता पुसता हाताला कळलं कुठे थांबायचं ते. आता दर वेळी असंच करावं लागणार. कामाला दुप्पट वेळ लागेल.

झाकण लावलं. सुखदेवने दोरी ओढली, रेस दिली, पाती खोडात घातली. पिवळा भुसा उडाला, लाकूड चर्रकन कापलं गेलं. त्याने आरी बाहेर काढली, रेस सोडली, आणि सवयीने उघड्या नडगीशी टेकवून ठेवली. इंजिन स्लोवर टकटकत होतं. मी साखळीकडे बघत होतो. ती उभी होती.

"जमली," सुखदेव म्हणाला. "देवरावले सांगजो. म्हनजो, सुखदेव म्हने, बरोबर थांबते."

तुझं काय झालं ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तो इतक्या सहज बोलला, तू दुकानात खोक्यावर बसला असशील आणि मी संध्याकाळी जाऊन सांगीन असं. त्याला आज ना उद्या गावातून कळेल आणि तो माझ्यावर चिडेल. चिडू दे. "सांगतो," म्हणालो, आणि शेताबाहेर आल्यावर एका बाभळीखाली बसून पोटभर रडलो.

देवराव, बरोबर थांबते.